जिभेवरची शपथ

गव्हर्नरच्या वकिलाने चष्मा काढून रुमालाने पुसला आणि अगदी साखरेच्या आवाजात राश्काबाईंना विनंती केली, की बाईंनी ते वाक्य ज्या भाषेत ऐकलं त्याच भाषेत एकदा कोर्टाला म्हणून दाखवावं. म्हणजे जर्मनमध्ये. बाई म्हणाल्या, "नाही." वकिलाने विचारलं, येत नाही की म्हणायचं नाही? बाई म्हणाल्या, "म्हणणार नाही." तिथेच खटल्याला पाचर बसली.

मी पत्रकारांच्या बाकावर होतो. युद्धाआधी वॉर्साच्या एका यिद्दिश, म्हणजे आम्हा ज्यूंच्या घरगुती भाषेतल्या, दैनिकात मी कोर्टाच्या बातम्या देत असे. कोंबडीचोर, घटस्फोट, भिंतीवरून भांडणारे शेजारी. त्यामुळे वकिलाचा गोडवा मला लांबून ओळखता येतो, आणि तो ऐकू आला की माझं पित्त खवळतं. युद्धानंतर दैनिक राहिलं नाही, वाचणारेही राहिले नाहीत. जे मोजके उरले त्यांच्या हकिकती टिपून घेणाऱ्या आमच्या ऐतिहासिक आयोगात मी नोकरीला लागलो. राश्का लिप्शित्सबाईंची हकिकत मीच टिपली होती, आणि सरकारी वकिलाच्या हातात मीच दिली होती. म्हणजे त्या साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या होत्या त्या माझ्यामुळे.

झालेसिन या पोलिश गावाचं कोर्ट जर्मनांनी जाताना जाळलं होतं, म्हणून खटला नगरपालिकेच्या नाट्यगृहात चालला होता. फेब्रुवारी होता. प्रेक्षक कोट घालूनच बसत आणि रंगमंचावरच्या न्यायाधीशांच्या तोंडातून वाफ निघे. आरोपी लोथार वोल्ब्रेख्ट, या अख्ख्या जिल्ह्याचा युद्धकाळातला गव्हर्नर, आम्हा सगळ्यांसारखंच कानाला यंत्र लावून काचेमागच्या दुभाष्याचं बोलणं ऐकत बसे आणि वहीत सुबक अक्षरात टिपणं काढी. मान अशी हलवी, जणू सभेचा अध्यक्ष तोच आहे.

त्याचा बचाव सोपा होता. मी कारभारी माणूस. रस्ते, बीटचं पीक, करवसुली एवढंच माझं काम. ज्यूंचं खातं पोलीसप्रमुखाकडे होतं, त्याला हुकूम थेट बर्लिनहून यायचे, मला पत्ताही नसायचा. पोलीसप्रमुखाने युद्ध संपताना गोळी झाडून घेतली होती, त्यामुळे सगळं खापर त्याच्या डोक्यावर फोडायला कुणाची हरकत नव्हती. आणि समजा काही झालंच असेल, वकील म्हणे, तर ते राज्याने केलं. राज्याच्या अधिकाऱ्याला त्याबद्दल माणूस म्हणून जाब विचारता येत नाही, आणि परक्या देशाच्या कोर्टाला तर मुळीच नाही.

यावर सरकारी वकील वोल्स्की उभे राहून म्हणाले होते, "राज्य नावाच्या इसमाला मी समन्स पाठवून पाहिलं. पत्ता सापडला नाही. म्हणून ज्याने सह्या केल्या आणि हुकूम दिले त्याला आणलंय." नाट्यगृहात हशा पिकला होता. नुकताच न्युरेंबर्गला बड्या नाझींच्या खटल्याचा निकाल लागला होता, की राज्याच्या झुलीखाली लपून कुणालाही सुटता येणार नाही, हुकूम सोडणारा हुकूम पाळणाऱ्याइतकाच गुन्हेगार. वंशसंहार हा शब्द इतका नवा होता की आमचा दुभाष्या दर वेळी त्याच्यावर अडखळायचा. वोल्स्कींनी आरोपपत्रात तोच शब्द घातला होता. पण कायदा कितीही नवा असो, माणूस आणि कृत्य यांच्यामध्ये एक धागा लागतोच, आणि इथेच घोडं पेंड खात होतं. एकाही कागदावर गव्हर्नरची सही सापडत नव्हती. धागा होता तो एकच. राश्काबाईंनी ऐकलेलं एक वाक्य.

राश्काबाई झालेसिनच्या मुलींच्या शाळेत जर्मन शिकवत. गव्हर्नरला नोकरसुद्धा चांगलं जर्मन बोलणारे लागत, म्हणून त्याने ज्यूंच्या वस्तीतून बाईंना उचलून बंगल्यावर वाढायला ठेवलं. त्यांच्या मुलीला, नुशाला, अंगणातल्या गाडीखान्याच्या खोलीत राहायची मुभा मिळाली. एका बुधवारी पोलीसप्रमुख जेवायला आला होता. कॉफी ओतताना बाईंनी गव्हर्नरला म्हणताना ऐकलं, "मुलं आधी उचला. आया आपल्या पायांनी मागून येतात." दुसऱ्या दिवशी सकाळी मालमोटारी आल्या त्या मुलांसाठीच. आया खरंच मागून गेल्या. बाई गेल्या नाहीत, कारण पोलिश स्वयंपाकीणबाईंनी त्यांना धरून तळघरात ढकललं आणि बाहेरून कडी घातली. त्या स्वयंपाकीणबाई पुढे टायफसने वारल्या. त्या असत्या तर दुसरी साक्ष मिळाली असती.

आता गव्हर्नरचं म्हणणं, की माझ्या घरात ज्यू बाई कामाला नव्हतीच, नियमातच ते बसत नव्हतं. आणि वकिलाचं म्हणणं, की असलीच तरी गावातल्या ज्यू बाईला जेवणाच्या टेबलावरचं जर्मन काय कळणार, काहीतरी भलतंच ऐकलं असेल. म्हणून ते वाक्य मूळ भाषेत म्हणायची विनंती. आणि बाई म्हणत होत्या, नाही.

मुख्य न्यायाधीश म्हातारे होते, पांढऱ्या मिशांचे, शब्द मोजून बोलणारे. ते म्हणाले, साक्षीदारावर सक्ती करता येणार नाही, पण ते वाक्य कोर्टासमोर मूळ रूपात आलं नाही, तर साक्षीचं वजन त्या मानाने कमी धरावं लागेल. बाईंनी उद्या सकाळपर्यंत विचार करावा. कोर्ट उठलं. गव्हर्नरने पेनाला टोपण लावलं.

आम्ही समोरच्या खानावळीच्या मागच्या खोलीत जमलो. वोल्स्कींच्या नाकाचा शेंडा रागाने लाल झाला होता. ते तरुण, हुशार, कम्युनिस्ट पार्टीतले, पोलिश इतकं सफाईदार बोलत की ऐकणाऱ्याला संशय यावा. त्यांनी विचारलं, की बाई, हा काय पोरखेळ आहे, तुम्ही जर्मनच्या शिक्षिका होतात ना?

बाईंनी चहाच्या पेल्याभोवती हात धरले होते. त्या म्हणाल्या, "मी शपथ घेतलीय. त्या दिवशी, तळघरात. देवाचं नाव घेऊन, मोठ्याने. ही भाषा पुन्हा माझ्या जिभेवर येणार नाही."

"कुणी ऐकली?"

"ज्याला ऐकवायची होती त्याने."

वोल्स्कींनी माझ्याकडे पाहिलं. तुमच्या या आयोगाने आधी का नाही सांगितलं, असा तो कटाक्ष होता. मी काय सांगणार? बाईंनी हकिकत मला यिद्दिशमध्ये दिली होती आणि मी यिद्दिशमध्ये घेतली होती. कुठलाही दुसरा साक्षीदार असता, तर मी म्हटलं असतं, एवढी माणसं गेली, तुमच्या एका शपथेचं काय घेऊन बसलात. पण बाईंना असं म्हणायची माझी छाती झाली नाही. ज्या माणसाचं सगळं ओरबाडून नेलंय, तो उरलेल्या एका गोष्टीला धरून बसतो, तेव्हा त्याला वेडा म्हणायचा अधिकार कुणाला आहे? मला तर नव्हता.

"शपथ सोडवता येते," शेजारच्या टेबलावरून आवाज आला.

हा बेरिश. तो सॅकरिनच्या गोळ्या, घड्याळं आणि अमेरिकन मोजे विकायचा. जिथे चार माणसं जमतील तिथे तो हजर, म्हणून खटल्यालाही हजर. त्याचे वडील लुब्लिनला आमच्या धर्मकोर्टाचे न्यायाधीश होते. त्याला स्वतःलाही त्याच गादीसाठी तयार केलं होतं, आणि ही गोष्ट तो गिऱ्हाईक मोजे निवडत असतानाही सांगायचा. दुसऱ्यांचं बोलणं ऐकणं हा त्याचा जोडधंदा. खुर्ची घेऊन तो आमच्यात येऊन बसला.

त्याने सांगितलं ते आम्हा सगळ्यांना थोडंफार ठाऊक होतं. बाईच्या शपथेला तिचे वडील किंवा नवरा ऐकल्या दिवशीच रद्द करू शकतात. बाईंचे वडील नव्हते, नवराही नव्हता. विधवेची शपथ तिची तिच्याशीच राहते. पण तीन ज्यू पुरुष एकत्र बसले, डोकी झाकून, आणि तिचं ऐकून घेतलं, तर ते तिला मोकळं करू शकतात. रब्बी लागत नाही. फक्त त्यांच्यातल्या एकाला तरी नियम कळत असावेत.

"तो एक मी," बेरिश म्हणाला आणि माझ्याकडे बोट केलं. "हा हेर्श दुसरा. नियम याला शष्प कळत नाहीत, पण बसायला चालतो. तिसरा हवा."

झालेसिनमध्ये तिसरा कुठून आणणार? वस्तीत एक घर उभं नव्हतं. बाकीचे साक्षीदार होते त्या बायका, आणि एक म्हातारा सुतार दुपारच्या गाडीने परत गेला होता. बेरिश वोल्स्कींकडे पाहत राहिला. त्याची ती नजर मला माहीत होती. घड्याळ खरं सोन्याचं की मुलाम्याचं, हे तो असंच पाहायचा.

"साहेब, लुब्लिनला आमच्या गल्लीच्या टोकाला मोतेल म्हणून खोगीरं शिवणारा होता. कान असेच होते. अगदी असेच."

"माझं नाव झिगमुंट आहे," वोल्स्की म्हणाले.

"कागदावर. आईने काय ठेवलं होतं?"

वोल्स्की उठले. मला वाटलं, आता हा माणूस निघून जाणार, आणि उद्या आपल्या सगळ्यांची चौकशी लागणार. त्यांना भ्यायला कारणही होतं. गेल्या उन्हाळ्यातच पोलंडमध्ये युद्ध संपल्यावर ज्यू मारले गेले होते, भर दिवसा, आपल्याच शेजाऱ्यांच्या हातून. त्या दिवसांत नाव बदललेल्या माणसाला नाव विचारणं म्हणजे त्याच्या गळ्याला हात घालण्यासारखंच होतं. त्यांनी दार लावून घेतलं, परत येऊन बसले आणि म्हणाले, "झेलिग." तिसरा ज्यू मिळाला.

मग लगेच वकिलासारखे झाले. म्हणाले, उद्या तो विचारेल, की सरकारी वकिलाने साक्षीदाराला बंद खोलीत काय पढवलं? बेरिश म्हणाला, "पढवायचं काहीच नाही. त्या वाक्याबद्दल आपण तोंडही उघडायचं नाही. तिचं जे आहे ते तिला परत द्यायचं." वोल्स्कींकडे टोपी नव्हती. त्यांनी रुमालाला चार गाठी मारल्या आणि तो डोक्यावर घातला. उघड्या डोक्याने भाषणं ठोकणारा तो माणूस एकाएकी खोगीरवाल्याच्या पोरासारखा दिसायला लागला. हसू आलं असतं, पण आलं नाही.

आम्ही तिघे ओळीने बसलो. बाई समोर उभ्या राहिल्या, कारण रीत तशीच आहे. बेरिशचा सगळा सैलपणा गेला. वडिलांचा आवाज त्याच्यात कुठेतरी ठेवलेला होता, तो त्याने बाहेर काढला.

बाईंनी आधी एक घासाघीस करून पाहिली. म्हणाल्या, "सगळी नको. एका वाक्यापुरती सोडवा. उद्या ते म्हणते, आणि संपलं."

बेरिशने मान हलवली. "अशी अर्धी सुटत नाही, बाई. थोडी सुटली की सगळी सुटते. उद्यानंतर ती भाषा अख्खी तुमच्याकडे परत येईल. चालेल?"

बाई म्हणाल्या, की चालेल, कोर्टाला गरज आहे ना.

"हे तर मुळीच चालणार नाही," बेरिश म्हणाला. "नंतर उगवलेल्या कारणाने शपथ सुटत नाही. तुम्ही तळघरात होतात तेव्हा, हा गव्हर्नर एक दिवस पिंजऱ्यात बसेल आणि कोर्ट तुम्हाला हे वाक्य विचारेल, असं कुणाच्या स्वप्नात तरी होतं का? नव्हतं. मग ते कारण धरता येत नाही. मी विचारतो त्याचं खरं उत्तर द्या. कोर्ट नसतं, खटला नसता, तर ही शपथ तुम्ही ठेवली असती?"

"हो," बाई म्हणाल्या.

"मग माझे हात बांधलेत."

वोल्स्कींनी टेबलावर मूठ आपटली. पेल्यातला चहा सांडला. ते म्हणाले, की दोन हजार वर्षांपूर्वीच्या म्हाताऱ्यांनी काहीतरी लिहून ठेवलं म्हणून हजारो मुलांचा खुनी उद्या हात झटकून बाहेर पडणार, आणि आपण डोक्यावर रुमाल घालून बघत बसणार. बाईंनी खोटं सांगावं, हो पस्तावले म्हणावं, कोण तपासणार आहे? बाई म्हणाल्या, "मी उद्या कोर्टात खरं सांगायला उभी राहणार, ते आज इथे खोटं बोलून?"

सांडलेला चहा मी पुसत होतो. मग वोल्स्की बोलले, पण पोलिशमध्ये नाही. यिद्दिशमध्ये. लुब्लिनच्या गल्लीतल्या, घोड्याच्या कातड्याचा वास येणाऱ्या यिद्दिशमध्ये.

"बाई, तुम्ही तळघरात होतात. मुलगी अंगणात होती. ती काही म्हणाली का?"

ही गोष्ट माझ्या हकिकतीत नव्हती. मी विचारली नव्हती. एवढी वर्षं लोकांना प्रश्न विचारून पोट भरलेला मी, आणि मला हा प्रश्न सुचला नव्हता.

बाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. "ती त्यांच्याशी जर्मन बोलली," त्या म्हणाल्या. "मीच शिकवलं होतं. मी म्हणायचे, नीट बोललीस तर ते नीट वागतील. तळघराच्या खिडकीच्या गजांतून मला सगळं ऐकू येत होतं. ती म्हणाली, माफ करा साहेब, माझी आई याच घरात आहे, तिला सांगून येऊ का, लगेच येते." त्यांनी मान हलवली. "पण हे तसं नाही. हे यिद्दिश झालं. तिने फार व्यवस्थित म्हटलं होतं. मोठ्या माणसांशी बोलतात तसं, कुठे काही चुकलं नव्हतं. मला ते तसं आठवायचं असतं आणि मी आठवू देत नाही. मनात आलं की मी ओठ दाबते. मनातल्या मनातसुद्धा भाषांतर करून घेते."

मग त्या बसल्या. उभं राहायचं असतं, पण बेरिशने अडवलं नाही.

"ती घरात माझ्याशी तीच भाषा बोलायची," बाई म्हणाल्या. "हट्ट करायची तो त्याच भाषेत. मला त्या लोकांची भाषा बंद करायची होती, बेरिश. मी तिची केली. तिचं तोंड मीच बंद करून ठेवलंय."

बेरिशने हळूच विचारलं, "पस्तावलात?"

"पहिल्या दिवसापासून. मला कळलंच नाही की हे त्याचंच दुखतंय."

"कोर्टासाठी?"

"कोर्ट गेलं खड्ड्यात," राश्काबाई म्हणाल्या.

बेरिशने आम्हा दोघांकडे पाहिलं. आम्ही मान हलवली. मग आम्ही तिघांनी एकदम म्हटलं, जसं म्हणायचं असतं तसं, "सुटली. सुटली. सुटली." वोल्स्कींना शब्द पाठ होते. ते रडत होते आणि रुमाल डोक्यावर असल्यामुळे त्यांना डोळे पुसायला काही नव्हतं. माझ्या बाहीला पुसले त्यांनी.

मी देव मानतो की नाही, हे मला कुणी विचारू नये. पण त्या खोलीत राज्याचा कायदा आणि आमचा जुना कायदा, दोन्ही मी एका बाईच्या समोर उभे पाहिले. त्यांतला कुठलाच तिला खोटं बोलायला लावू शकला नाही. न्युरेंबर्गच्या मोठ्या निकालापेक्षा त्या बाईंबद्दल मला जास्त आदर वाटला आणि तो तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी नाट्यगृह गच्च भरलं होतं. बाई पिंजऱ्यात आल्या आणि म्हणाल्या, की वाक्य म्हणायला तयार आहे. गव्हर्नरचा वकील चटकन उठला. कालपर्यंत साक्षीदाराला हे जमत नव्हतं, आज जमतंय, तर मधल्या वेळात कुणी शिकवलं, हे कोर्टाला कळावं. प्रश्न त्याने पोलिशमध्ये विचारला. बाईंनी उत्तर थेट जर्मनमध्ये दिलं.

"मला कुणी शिकवलं नाही. या गावात ही भाषा मी शिकवत होते."

ते जर्मन कसं होतं, हे मी कसं सांगू? मला ती भाषा कळते आणि मला तिचा वीट आला होता. शिव्या, आरडाओरडा, कुत्र्यांना दिलेले हुकूम, एवढंच माझ्या कानात उरलं होतं. बाईंच्या तोंडी ती स्वच्छ होती. कुठेतरी आत ठेवून दिलेलं भांडं घासूनपुसून टेबलावर ठेवावं, तशी.

गव्हर्नरने वहीतून मान वर केली. आतापर्यंत प्रत्येक साक्ष त्याच्यापर्यंत दुभाष्याच्या सपाट आवाजातून पोचत होती. आता मध्ये कुणी नव्हतं. त्याने कानाचं यंत्र काढून ठेवलं.

बाईंनी बुधवार सांगितला, कोण कुठे बसलं होतं ते सांगितलं, आपण कॉफी ओतत होतो ते सांगितलं. मग ते वाक्य म्हटलं. नक्कल केली नाही. तिखटमीठ लावलं नाही. वर्गात फळ्यावरचं वाक्य वाचावं तसं म्हटलं. मुलं आधी उचला. आया आपल्या पायांनी मागून येतात.

"मी बोलत असताना तिने बाहेर थांबायचं होतं," गव्हर्नर म्हणाला.

तो मोठ्याने बोलला नव्हता. घरातल्या नोकराने शिस्त मोडल्याबद्दल बोलावं तसा बोलला, कपाळाला आठी घालून. दुभाष्याने सवयीने ते पोलिशमध्ये म्हटलं आणि शेकडो कानांत एकदम गेलं. त्याच्या वकिलाने हात वर केला आणि अर्ध्यातच खाली घेतला. न्यायाधीश पुढे झुकले. त्यांनी विचारलं, "कुणी बाहेर थांबायचं होतं?"

"तिने. राश्काने," गव्हर्नर म्हणाला. "घरात तसा नियम होता."

मग त्याला कळलं. तोंडावरून ते अध्यक्षपद उतरताना मी पाहिलं, आणि मला आनंद झाला. आनंद झाला हे मी लपवणार नाही. इतक्या दिवसांत ज्या माणसाने कुठल्याही मेलेल्याची आठवण ठेवली नव्हती, त्याला वाढणाऱ्या बाईचं नाव पाठ होतं. पुढे निकालात न्यायाधीशांनी लिहिलं, की राज्य हे माणसांच्या तोंडून बोलतं, आणि ज्याच्या तोंडून बोललं त्याला ते शब्द आपले नव्हेत म्हणता येणार नाही. ती फाशीची शिक्षा होती. पण माझ्यासाठी खटला त्या सकाळीच संपला.

वोल्स्की म्हणाले, की सरकारपक्षाला आणखी काही विचारायचं नाही. न्यायाधीशांनी बाईंना विचारलं, साक्षीदाराला आणखी काही सांगायचं आहे का?

"एक वाक्य आहे," बाई म्हणाल्या, "त्याच भाषेतलं. दुसऱ्या दिवशी त्याच अंगणात म्हटलेलं. आरोपीचं नाही."

आणि त्यांनी नुशाचं वाक्य म्हटलं. सगळ्या अदबीसकट. वयाने लहान मुलीच्या तोंडी जितकं शुद्ध असू शकतं तितकं. कानातल्या यंत्रात काही आलं नाही. मी वळून पाहिलं, तर काचेमागे दुभाष्याने तोंडावर हात धरला होता.

म्हाताऱ्या न्यायाधीशांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग ते लघुलेखिकेला म्हणाले, "भाषांतर राहू द्या. जसं म्हटलं तसं उतरवून घ्या. आरोपीच्या वाक्याच्या खाली."

बाहेर पायऱ्यांवर बर्फ साचलं होतं. बेरिश आमची वाट बघत उभा होता, आणि तेवढ्या वेळात त्याने एका पोलिसाला मोज्यांचा जोड विकलाही होता. त्याने बाईंना बाजूला घेतलं आणि म्हणाला, की कायद्याने आता काही अडचण नाही, हवं असेल तर ती शपथ पुन्हा घेता येते, इथेच घेतली तरी चालेल, तो साक्षीला आहे.

राश्काबाईंनी शाल डोक्यावरून घेतली. "नको," त्या म्हणाल्या. "तिला अजून पुष्कळ बोलायचं असेल." मग त्यांनी विचारलं, की या गावात कुठे गरम सूप मिळतं का, आणि आम्ही त्यांना खानावळीकडे घेऊन गेलो.